कोल्हापुरी शिकणाऱ्या नव्या कारागिरानं आधी कशासाठी अर्ज करावा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय २४, शिक्षण बी.कॉम. तीन वर्षांपासून कोल्हापूरच्या सुभाषनगरात मामांच्या कारखान्यात कोल्हापुरी चप्पल शिकताय आणि आता पूर्ण जोड एकट्यानं करता. मजुरी जोडावर मिळते. गेल्या वर्षी एका खासगी फेलोशिपला अर्ज केला, नकार आला, कारण कळवलं नाही. आता एका संस्थेचं पत्र आलंय की तुमची 'युवा कारागीर पुरस्कारा'साठी निवड झाली आहे, फक्त नोंदणीचे पैसे भरा. आणि तुम्ही विचारलंय की नवख्या कारागिरासाठी सगळ्यात चांगला पुरस्कार कोणता आणि पैसे जास्त कुठं मिळतात.

पत्राचं आधी मिटवू. पैसे भरू नका. तुम्ही अर्ज केला नाही, तुमचा एकही जोड कुणी हातात घेऊन बघितला नाही, तरी निवड झाली, असं होत नसतं. नोंदणी शुल्क, स्मृतिचिन्हाचा खर्च, सोहळ्यात बसायच्या खुर्चीचे पैसे, कशाच्याही नावाखाली कारागिराकडून रक्कम मागणारा पुरस्कार विकतचा असतो. असली प्रमाणपत्रं पुढं सरकारी अर्जाला जोडली तर समितीतले लोक ती ओळखतात, आणि मग तुमच्या खऱ्या कागदांकडेही शंकेनं बघतात. शंका असेल तर संस्थेला एकच विचारा: मागच्या वर्षीच्या विजेत्यांची नावं आणि निवड समितीत कोण होतं ते कळवा. सरळ उत्तर आलं नाही तर विषय तिथंच संपला.

आता मूळ प्रश्न. मी स्वतः चपलेच्या धंद्यातला. गेली बरीच वर्षं आमच्या भागातल्या पोरापोरींचे अर्ज भरून देतो आणि मधूनमधून निवड समितीवरही बसलोय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण पुरस्काराची नाही, वेळेची आहे. तुम्हीच लिहिलंय की मजुरी जोडावर आहे. म्हणजे नवीन काही शिकायला, एखादा जोड उसवून पुन्हा करायला, कातडं कमवायचं काम जाऊन बघायला जो दिवस जाईल त्या दिवसाची मजुरी बुडणार. जुन्या कारागिराचा हात बसलेला असतो, गिऱ्हाईक ठरलेलं असतं. नव्याला शिकायचंही असतं आणि त्याच आठवड्यात घरी पैसेही द्यायचे असतात. त्यामुळे बहुतेक जण जे पहिल्या वर्षी जमलं तेच पुढची दहा वर्षं करत राहतात. शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप ही त्या बुडणाऱ्या दिवसांची भरपाई असते. पुरस्कार झालेल्या कामाचा असतो. तो मिळाल्यावर आनंद होतो, नाव होतं, पण वेळ मिळत नाही. म्हणून तुमच्या टप्प्यावर शोध शिष्यवृत्तीचा, प्रशिक्षणाचा आणि हत्यारांच्या मदतीचा करा.

तरी पुरस्कारांचं चित्र माहीत असू द्या, कारण त्यांची तयारी आजपासून करावी लागते. केंद्र सरकारच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून राष्ट्रीय हस्तशिल्प पुरस्कार १९६५ पासून दिले जातात आणि २००२ पासून शिल्पगुरू पुरस्कार सुरू झाला. राष्ट्रीय पुरस्काराला साधारणपणे वयाची तिशी ओलांडलेली आणि कामाचा १० वर्षांचा अनुभव लागतो. शिल्पगुरूला वय ५० आणि अनुभव २० वर्षांचा. म्हणजे हे तुमच्यासाठी आज नाही. पण १० वर्षांचा अनुभव दाखवायची वेळ येते तेव्हा आमच्याकडचे चांगले चांगले कारागीर अडकलेले मी बघितलेत. हातात कसब आहे, पण कागद एकही नाही. बिल नाही, प्रदर्शनाचं पत्र नाही, फोटोवर तारीख नाही. सगळा माल व्यापाऱ्याच्या नावानं गेलेला. तुमची तीन वर्षं अशीच गेलीत का, हे आज तपासा. मामांकडून एका साध्या कागदावर लिहून घ्या की अमुक महिन्यापासून तुम्ही इथं काम शिकताय, खाली सही आणि कारखान्याचा शिक्का. दर महिन्याला एका जोडाचा फोटो तारखेसह ठेवा.

पहिलं पाऊल 'पहचान' कार्ड. हे कारागिराचं ओळखपत्र विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून मिळतं, त्याला पैसे पडत नाहीत. या कार्यालयाची प्रशिक्षणं, गांधी शिल्प बझारसारख्या प्रदर्शनांतले स्टॉल, पुरस्कारांचे अर्ज, सगळीकडे आधी हेच कार्ड मागतात. तुमच्या प्रश्नात कार्डाचा उल्लेख नाही, म्हणून धरून चालतो की ते नाही.

आणि इथं एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे चपलेच्या कामात बायकांचा हात किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. वेणी कोण घालतं? गोंडे कोण करतं? पट्ट्यावरची बारीक शिवण, नक्षी कुणाची असते? घरोघरी बायकाच करतात. पण कार्ड कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, भावाच्या. पुरस्काराच्या यादीत मग तेच नाव लागतं. कुणी मुद्दाम डावलतं असं नाही, घरात कार्ड एक असलं की पुरे अशी समजूत आहे. पहचान कार्ड घराला नसतं, कारागिराला असतं. मामांचं कार्ड असलं तरी तुमचं वेगळं काढा. मामीही काम करत असतील तर त्यांचंही काढा. पडताळणीच्या वेळी काम करून दाखवायला सांगितलं तर वेणी घालून दाखवणारी बाई तिथल्या कुठल्याही पुरुषाइतकीच कारागीर आहे.

दुसरं, पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे आणि चर्मकार, पादत्राणे बनवणारे त्यात येतात. वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. नोंदणी आपल्या भागातल्या सेवा केंद्रातून (सीएससी) होते, मग ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या पातळीवर पडताळणी होते. आधी साधारण ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण आणि इच्छा असेल तर पुढं १५ दिवसांचं प्रगत प्रशिक्षण. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन. हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. त्यानंतर हवं असल्यास विनातारण कर्ज, पहिला टप्पा १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचा, व्याज ५ टक्के. तो नीट फेडला की दुसरा २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांचा.

यातली एक अट तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. तुम्ही लग्न झालंय की नाही ते लिहिलेलं नाही. अविवाहित असाल आणि वडिलांनी किंवा आईनं या योजनेत कुठल्याही व्यवसायाखाली नोंदणी केली असेल, तर तुमचा अर्ज अडकेल. मामांनी केली असेल तर तुम्हाला अडचण नाही, कारण योजनेच्या व्याख्येत मामा तुमच्या कुटुंबात येत नाहीत. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तरीही अपात्र ठरता. तसंच मागच्या ५ वर्षांत स्वयंरोजगारासाठी पीएमईजीपीसारखं (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम) सरकारी योजनेतलं कर्ज घेतलेलं असेल तरी चालत नाही. मुद्रा किंवा स्वनिधीचं पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. सेवा केंद्रात जायच्या आधी घरात बसून एवढं नीट विचारून घ्या. आमच्या गल्लीत बाप-लेकानं दोघांनी अर्ज करून दोघंही महिनोन् महिने लटकल्याचं उदाहरण आहे.

आता 'पैसे जास्त कुठं' या तुमच्या प्रश्नाकडे येतो. कर्जाचा आकडा मोठा दिसतो, म्हणून पोरं तिकडं पळतात. हिशेब करून बघा. १ लाख रुपये ५ टक्क्यांनी १८ महिन्यांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण ५,८०० रुपये बसतो. व्याज स्वस्त आहे यात वाद नाही. पण हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो आणि तो भरायला तुम्हाला जोड वाढवावे लागतात. म्हणजे शिकायचा वेळ आणखी कमी झाला. याउलट महिना ५,००० रुपये देणारी शिष्यवृत्ती आकड्यानं लहान, पण ती तुमच्या महिन्यातले काही दिवस मोकळे करते. माल तयार आहे, ऑर्डर आहे, फक्त कातडं घ्यायला भांडवल नाही, अशा माणसानं कर्ज जरूर घ्यावं. तुमच्याकडे आज ऑर्डर मामांच्या आहेत, तुमच्या नाहीत. म्हणून विश्वकर्मातलं प्रशिक्षण आणि हत्यारांचं व्हाउचर घ्या, कर्ज तूर्त थांबवा. नोंदणी केली म्हणजे कर्ज घ्यायलाच हवं असं नाही.

वर म्हटलेली ती महिना ५,००० ची शिष्यवृत्ती म्हणजे केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची. वय १८ ते २५, दोन वर्षं, म्हणजे एकूण १ लाख २० हजार. पण ती कुणाला लागू होते हे कलेवर अवलंबून आहे. त्यात संगीत, नृत्य, नाट्य, लोककला आणि दृश्यकला येतात. दृश्यकलेत चित्रकला, शिल्पकला, कुंभारकाम, सिरॅमिक आहे. हाच प्रश्न कोल्हापुरातल्याच बापट कॅम्पमधल्या मूर्तिकाराच्या पोरानं विचारला असता तर मी त्याला म्हटलं असतं, बाकी सगळं बाजूला ठेव आणि आधी हा अर्ज भर, पंचविशी उलटली की दार बंद. चपलेसाठी तसा सरळ रकाना नाही. ओढूनताणून बसवायला गेलात तर छाननीतच अर्ज बाद होईल आणि तयारीचा महिना फुकट जाईल. त्यामुळे तुमच्यासाठी ही मी धरत नाही.

तुमच्यासाठी त्याच मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप जास्त जवळची आहे, आणि तुम्ही पुढच्या वर्षी २५ च्या व्हाल तेव्हा वयात बसाल. २५ ते ४० वयासाठी, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. ही फेलोशिप नुसतं काम करत राहायला देत नाहीत, अभ्यासाचा विषय मांडावा लागतो. पदवीचा तुमचा कागद इथं कामाला येईल. विषय तुमच्या हाताखालीच आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमवायची पद्धत आपल्या भागात किती जणांना येते? शिकवणारे म्हातारे झालेत, पोरं तयार कातडं विकत आणतात. कापशी, कुरुंदवाडी, कचकडी, बक्कलनाली, पुकरी हे प्रकार करणारे कारागीर वेगवेगळ्या गावांत आहेत, त्यांच्या कापायच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि त्या कुणी एकत्र नोंदवून ठेवलेल्या मला दिसत नाहीत. स्वतः जोड करू शकणारी बाई या गावांत जाऊन बसली तर तिला जे सांगतील ते बाहेरून आलेल्या अभ्यासकाला सांगणार नाहीत. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. समितीसमोर हीच तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे.

लिडकॉमचंही नाव घेतो, म्हणजे आपलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ. त्यांच्या बहुतेक योजना चर्मकार समाजासाठी कर्ज आणि अनुदानाच्या आहेत, जातीचा दाखला लागतो. प्रशिक्षणं निघतात ती मात्र विचारत राहा. शिवाय २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येणं) मिळालं ते लिडकॉम आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ लिडकार या दोघांच्या नावानं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून कारागिरांना स्वतःच्या नावानं नोंद करता येते, शुल्क नाममात्र आहे. ही नोंद पुरस्कारही नाही आणि शिष्यवृत्तीही नाही, पण तुमच्या अर्जाला ती फार वजन देते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला, तेव्हापासून बाहेरच्या संस्था आधी विचारतात, तुम्ही नोंदणीकृत आहात का? ज्यांच्याकडे कागद होता त्यांना फोन आले.

इथपर्यंतचं थोडक्यात: पहचान कार्ड लगेच, विश्वकर्मा पात्रता तपासून, मानांकनाची नोंद जमेल तेवढ्या लवकर, ज्युनिअर फेलोशिपची तयारी वर्षभर. खासगी फेलोशिप मधूनमधून निघतात, त्यांच्या अटी वेगवेगळ्या असतात, त्यामुळे त्यांचं सरसकट काही सांगता येत नाही. पण अर्ज कसा लिहायचा हे सगळीकडे जवळपास सारखं आहे, आणि तुमचा गेल्या वर्षीचा नकार बहुधा तिथंच झाला असावा. तुम्ही पाठवलेला अर्जाचा मजकूर मी वाचला. त्यात कोल्हापुरीचा इतिहास दीड पान आहे. तुम्ही स्वतः काय करता ते चार ओळी. आणि पैशाचं काय करणार यावर एक वाक्य: 'कलेच्या संवर्धनासाठी वापरीन.'

समितीला कोल्हापुरीचा इतिहास माहीत असतो. त्यांना तुमचा हात बघायचा असतो. कारागिरांपैकी कुणी समितीत असेल आणि जोड समोर आला, तर तो पहिल्यांदा उलटा करतो. तळ बघतो. वादीचे (कातड्याच्या दोरीचे) टाके एका अंतरावर पडलेत का, वळणावर टाका लांबलाय का. कड रापीनं (कातडं कापायच्या हत्यारानं) एका दमात कापली आहे की पुन्हा पुन्हा तासली आहे, ते बोट फिरवलं की कळतं. टाचेचे थर दाबून बघतो. कान, म्हणजे बाजूची पट्टी, तळात जिथं शिरतो तिथं कातडं ओढलं गेलंय का बघतो, कारण जोड पहिल्यांदा तिथंच दगा देतो. मग दोन्ही पाय शेजारी ठेवून वेणीचे पेड मोजतो. डावा-उजवा सारखा येणं ही नव्या हाताची खरी परीक्षा आहे. वरची नक्षी, रंग, गोंडा हे सगळं त्याच्यानंतर.

म्हणून फोटो त्याप्रमाणे काढा. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या फोटोंत चप्पल वरून दिसते, शेजारी फुलं आणि पैठणीचा काठ. छान दिसतं, पण त्यातून तुमचं काम कळत नाही. भिजवलेलं कातडं, कापलेला तळ, आरीनं भोकं पाडताना तुमचा हात, अर्धवट वेणी, कानाची शिवण जवळून, आणि शेवटी पूर्ण जोड वरून, खालून, बाजूनं. फोनवर दिवसाच्या उजेडात काढलेले चालतात. जमलं तर एक बिघडलेला जोडही दाखवा आणि खाली दोन ओळी लिहा: इथं कातडं जास्त ओलं राहिलं, वाळल्यावर तळ वाकला, पुढच्या वेळी अमुक केलं. समितीतला माणूस तिथं थांबतो. त्याला कळतं की ही मुलगी शिकतेय.

पैशाच्या रकान्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक अर्ज इथंच पडतात. 'संवर्धन' हा शब्द काढून टाका. एक अडचण घ्या, जी तुमच्या कामात रोज येते आणि सोडवली तर तुमचं उत्पन्न बदलेल. तुम्हीच लिहिलंय की ऑनलाइन विकलेले जोड मापामुळे परत येतात. हा खरा विषय आहे. आपल्याकडे माप पायावर आणि कारागिराच्या नजरेवर चालतं. समोर गिऱ्हाईक असेल तर ते उत्तम, पण पुण्याच्या बाईनं फोनवरून ७ नंबर मागितला की गडबड होते. मग लिहा: बायकांच्या ५ मापांचे पक्के नमुने तयार करीन. प्रत्येक मापाचे ४ जोड, असे २० जोड करून २० बायकांना तीन महिने वापरायला देईन. अंगठा कुठं चावतो, पट्टा किती सैल होतो, टाच कशी झिजते याची दर महिन्याला नोंद घेऊन नमुना दुरुस्त करीन. वर्षाच्या शेवटी हा नमुन्यांचा संच मामांच्या कारखान्यात आणि शेजारच्या दोन कारखान्यांत वापरात असेल.

बघा, वाचणाऱ्याला लगेच चित्र दिसतं. आता याला पैसे जोडा. समजा वर्षाचे १ लाख २० हजार मागायचे आहेत. तुमच्या बुडणाऱ्या मजुरीची भरपाई महिना ५,००० प्रमाणे ६० हजार. कातडं २५ हजार. फर्मे (पायाच्या आकाराचे साचे) आणि नमुने १५ हजार. नोंदी, फोटो, वापरणाऱ्यांकडे पाठवण्याचा खर्च १० हजार. प्रवास आणि एखाद्या जाणत्या कारागिराकडे जाऊन बसण्याचा खर्च १० हजार. हे आकडे मी उदाहरणादाखल टाकलेत, तुमच्याकडच्या दरांप्रमाणे ते बदला. पण मजुरीची ओळ काढू नका. आपल्या माणसांना स्वतःच्या वेळेचे पैसे मागायला संकोच वाटतो, आणि कातडं-हत्यारांचाच हिशेब देतात. समितीत बसल्यावर मला उलट वाटतं. स्वतःची मजुरी शून्य धरणाऱ्या अर्जदाराचं काम वर्षभर चालणार नाही याची धास्ती वाटते, कारण तिसऱ्या महिन्यात घरखर्चासाठी तिला पुन्हा जोडांच्या मागं लागावंच लागणार.

शिफारसपत्र मामांचं जोडलंय. ते शिकवणारे म्हणून ठीक, पण नात्यातल्या माणसाचं एकच पत्र पुरत नाही. दुसरं पत्र तुमचा माल घेणाऱ्याचं हवं. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधला (चपलांच्या दुकानांच्या गल्लीतला) एखादा दुकानदार दोन ओळी लिहून देईल का की या मुलीचे जोड आम्ही विकतो, तक्रार येत नाही? असल्या दोन ओळी कुठल्याही मान्यवराच्या गौरवपत्रापेक्षा भारी पडतात. आणि बँक खातं स्वतःच्या नावावर, आधारला जोडलेलं ठेवा. सरकारी रक्कम थेट खात्यात येते, जोडणी नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

रकमेपेक्षा ऑर्डरीला जास्त भाव द्या, हेही सांगून ठेवतो. कोल्हापूरकरांना हे नव्यानं सांगायला नको. शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांना हॉटेल काढायला मदत केली, आणि तिथं न थांबता स्वतः त्यांच्याकडे चहाला जाऊ लागले, सोबत इतरांनाही नेऊ लागले. नुसते पैसे दिले असते तर त्या काळात त्या हॉटेलात कोण चहा प्यायला गेलं असतं? आजच्या कारागिरालाही हेच लागू आहे. एखाद्या फेलोशिपमध्ये रक्कम कमी असेल, पण शेवटी प्रदर्शन असेल, खरेदीदार समोर येणार असतील, दर ठरवायला शिकवत असतील, तर ती जास्त रकमेच्या कोरड्या बक्षिसापेक्षा तुमच्यासाठी चांगली. अर्ज करण्याआधी मागच्या वर्षीच्या एखाद्या फेलोला गाठून विचारा की वर्ष संपल्यावर काय राहिलं. गिऱ्हाईक राहिलं म्हणाला तर अर्ज करा.

घरचे म्हणतात पुरस्कार मिळाला तरच यात पुढं जा, असंही तुम्ही लिहिलंय. ती अट मान्य करू नका. वयाच्या आणि अनुभवाच्या अटी बघता मोठे पुरस्कार तुमच्यासाठी अजून सहा-सात वर्षं लांब आहेत, आणि ते मिळणं निम्मं तुमच्या हातात नसतं. घरच्यांसमोर दुसरा आकडा ठेवा: पुढच्या वर्षभरात स्वतःच्या नावानं किती जोड विकले आणि हातात किती उरले. ही वही आईला दर महिन्याला दाखवा.

गेल्या वर्षीच्या संस्थेला एक नम्र पत्र लिहा की अर्जात काय कमी पडलं ते कळवावं. सगळे उत्तर देत नाहीत, पण काही जण देतात, आणि पुढच्या फेरीत तुमचं नाव लक्षात राहतं. नवीन मसुदा तयार झाला की इथंच टाका. मापांच्या नमुन्यांचा भाग आधी पाठवा, इतिहासाचं दीड पान वगळून. मी वाचून दुरुस्त्या सुचवतो, आणि तळाचे, कानाच्या शिवणीचे फोटो सोबत असू द्या.